पावाचा भाव आणि थट्टेचं नातं

एस्नार्ट जेरेची कासामा गावी सरकारी अधिकारी म्हणून नेमणूक झाली तेव्हा तिला एक खोली मिळाली, एक खुर्ची मिळाली आणि कायद्याचं नवंकोरं पुस्तक मिळालं. टेबल मागाहून येतंय, असं राजधानीतल्या साहेबांनी सांगितलं होतं. ते शेवटपर्यंत आलं नाही. त्यामुळे उत्तर प्रांतातला स्पर्धेचा कायदा सुरुवातीची कितीतरी वर्षं एस्नार्टच्या मांडीवरच वाढला, तान्ह्या मुलासारखा. आणि तान्ह्या मुलासारखाच, कुणी पाहुणा आला की नेमका झोपलेला असायचा.

त्याआधीचे दिवस ज्यांनी पाहिलेत त्यांना आठवत असेल. पावाचा भाव तेव्हा सरकार ठरवायचं. भाव अगदी गरिबाला परवडेल असा, फक्त पाव नसायचा. पहाटे दुकानापुढे वीट ठेवून रांगेत नंबर धरायचा आणि घरी जाऊन चूल पेटवायची. आपली वीट कुठली हे प्रत्येक बाईला लांबून ओळखू यायचं. मग सरकार बदललं, सरकारी गिरण्या विकल्या गेल्या, दुकानांतून पाव दिसू लागले आणि विटा घरं बांधायला परत गेल्या. आता भाव ज्याचा त्यानं ठरवावा, मात्र दुकानदारांनी एकत्र बसून ठरवू नये, असा कायदा आला. एस्नार्टला तो फार आवडला. तरुणपणी रांगेत उभं राहून तिचे पाय सुजले होते. त्या पायांना न्याय मिळाला असं तिला वाटलं.

तिच्याकडे आलेली पहिली खरी तक्रार बाना कुंदाची. कुंदाची आई म्हणून बाना कुंदा. तिचं स्वतःचं नाव तिलाही आठवून सांगावं लागायचं. नवरा रेल्वेत होता, तो गेला. तिनं अंगणात वारुळाच्या मातीची भट्टी बांधली आणि पाव भाजायला लागली. गावात चार बेकऱ्या होत्या. चौघांचा पाव हजार क्वाचाला. बाना कुंदानं आठशेला लावला. महिनाभर बाजारातल्या बायका तिच्या अंगणात वाट बघत बसायच्या. मग एक दिवस बा कापांब्वेच्या गोदामातून निरोप आला, गव्हाचं पीठ संपलंय.

बा कापांब्वे चार बेकरीवाल्यांतला सगळ्यांत मोठा, आणि गावात गव्हाचं पीठ आणणाराही तो एकटाच. त्याच्या ट्रकमधून पोती उतरताना सगळं गाव बघायचं, आणि पीठ मात्र बाना कुंदापुरतंच संपलेलं असायचं.

"तुमच्या त्या पुस्तकात याचं काही आहे का?" बाना कुंदानं दारातूनच विचारलं. आत बसायला दुसरी खुर्ची नव्हती.

"आहे ना! हे बघ, हे अख्खं प्रकरण."

"मला कशाला दाखवतेस, त्यांना दाखव. भट्टी थंड पडून आठवडा झाला. वारुळाची माती ओल धरते, बाई. अजून एक पाऊसकाळ ती रिकामी राहिली तर भट्टी बसेल, आणि तिच्यामागे मी."

एस्नार्टनं तिला शब्द दिला. शब्द द्यायला तिला नेहमीच आवडायचं. खोलीत देण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा झगा घालून, पुस्तक काखेत मारून ती बा कापांब्वेच्या बेकरीत गेली. तिनं मनात पक्कं केलं होतं, आडून आडून विचारायचं, कोंडीत पकडायचं, हळूच कबुली काढायची. राजधानीतल्या प्रशिक्षणात तसं शिकवलं होतं. पण बेकरीच्या पायरीवर पाऊल ठेवते न ठेवते तोच आतून आरोळी आली.

"अरे, दारं लावा! उंदीरखाऊ आलीय! पिठातले उंदीर लपवा!"

बा कापांब्वे बेंबा आणि एस्नार्ट एन्गोनी. पणजोबांच्या काळात या दोन जमातींनी एकमेकांवर मनसोक्त भाले फेकले. मग दोघंही दमले, आणि तेव्हापासून फक्त शब्द फेकतात. तिकडे याला थट्टेचं नातं म्हणतात. बेंबानं एन्गोनीला वाटेल ते बोलावं, एन्गोनीनं बेंबाला त्याच्या दुप्पट बोलावं, आणि रागावला तो हरला.

"उंदीर तरी स्वच्छ धान्य खातो," एस्नार्ट म्हणाली. "तुम्ही माकडं खाणारे. परवा तुझ्या घरावरून गेले तर वाटलं, ताटातलं माकड तुझ्याकडे बघून हसतंय, चेहरा ओळखीचा वाटला म्हणून!"

बेकरीतली माणसं पोट धरून हसली. बा कापांब्वेनं स्वतःच्या हातानं तिला स्टूल पुसून दिलं, दुधाचा गोड चहा आणि गरम पाव समोर ठेवला. बाकीचे तिघे बेकरीवालेही तिथेच बसले होते. शनिवार होता.

"बोला, बाई. भाव ठरवायला आलात ना? बरं झालं. पूर्वी सरकारचा माणूस यायचा, आम्हाला आमचं आमचं बसून ठरवायला लागतं आताशा. फार डोक्याला ताप."

एस्नार्टच्या घशात पाव अडकला. "म्हणजे तुम्ही... एकत्र बसून ठरवता?"

"दर शनिवारी! हे काय, आत्ताच ठरवतोय."

"आणि बाना कुंदाचं पीठ?"

"ते मीच बंद केलंय," बा कापांब्वे छातीवर हात ठेवून म्हणाला. "तिनं पाव आठशेला लावला. मी म्हटलं, हिला एक कणही मिळता कामा नये. ऐकलंस ना, उंदीरखाऊ? लिहून घे. लिहिता येतं ना? का नुसतं कुरतडता येतं?"

हसण्याचा पुन्हा एकदा कल्लोळ झाला. एस्नार्टनं लिहून घेतलं. शब्दन् शब्द घेतला, कारण ती प्रामाणिक होती आणि थोडी मूर्खही. तिच्यात या दोन गोष्टी नेहमी जोडीनं यायच्या. दोन घोट चहा पिऊन ती तरंगत घरी आली. कबुली! पहिल्याच फेरीत! रात्री मक्याच्या पिठाची एन्शिमा ढवळताना ती नवऱ्याला म्हणाली, "मला वाटतं मला या कामाची उपजतच देणगी आहे."

"तो तुला का सांगेल असं?" नवऱ्यानं विचारलं.

"माझ्या प्रश्नांत धार असते," एस्नार्ट म्हणाली. प्रत्यक्षात तिनं दोनच प्रश्न विचारले होते, आणि एक तोंडात पाव असताना.

सुनावणी राजधानीत होती. एस्नार्ट रात्रभर बसमध्ये अंग आखडून गेली, बा कापांब्वे स्वतःच्या गाडीतून आला. समोर तिघं जण बसले होते, मधोमध पांढऱ्या केसांच्या अध्यक्षबाई. एस्नार्टनं आपलं टिपण खणखणीत आवाजात वाचून दाखवलं. वाचता वाचता तिला जाणवलं की उजवीकडचे सदस्य रुमालानं तोंड झाकून घेतायत.

"बा कापांब्वे, हे तुम्ही बोललात?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"बोललो ना, अगदी असंच." बा कापांब्वे हात जोडून उभा. "पण बाई, ती जेरे आहे आणि मी कापांब्वे. तिच्याशी मी खरं कधी बोलणार? माझ्या बापानं शिकवलंय, एन्गोनी दारात आला तर त्याला गोड बोलून पाठवणं हा अपमान. तिनं विचारलं, भाव ठरवता का? मी म्हटलं, हो! तिनं विचारलं असतं, आजीला विकलंस का? तर त्यालाही हो म्हटलं असतं."

"टिपणात उंदीर खाण्याचा उल्लेख आहे," अध्यक्षबाई चष्मा सावरत म्हणाल्या.

"आहे, बाई," एस्नार्ट म्हणाली.

"तोही तुम्ही पुरावा म्हणूनच जोडलाय का?"

"मी... सगळं लिहून घेतलं होतं, बाई."

"तुम्ही उंदीर खाता का?"

एस्नार्टला खोटं बोलता येत नसे. "हंगामात," ती म्हणाली. "भाजून."

त्यावर तिघंही हसले. दाराशी उभा पहारेकरीही हसला. तो तर एस्नार्टसारखाच पूर्वेकडचा एन्गोनी, स्वतः उंदीर खाणारा. बाकीच्या तीन बेकरीवाल्यांनी शपथेवर सांगितलं की शनिवारी ते चर्चमधल्या गाण्यांची तालीम करतात. भाव सारखाच कसा? महागाई सगळ्यांना सारखीच असते, बाई. अध्यक्षबाईंनी मग गंभीर चेहऱ्यानं सांगितलं की कायदा चांगला आहे, तक्रारही खरी असेल, पण थट्टेच्या नात्यात बोललेलं वाक्य पुरावा म्हणून धरलं तर उद्या निम्मा देश तुरुंगात जाईल. दुसरा पुरावा आणा.

दुसरा पुरावा नव्हता. परतीच्या बसमध्ये एस्नार्टनं मनाशी हिशेब मांडला. लहानपणापासून तिला ठाऊक होतं, बेंबा माणूस एन्गोनीशी बोलतो तेव्हा काय धरायचं आणि काय सोडायचं. तिच्या आजीनं, आईनं, मावशीनं शिकवलं होतं. तीन दिवसांच्या प्रशिक्षणात तिनं ते सगळं विसरून दाखवलं. हात दाखवून अवलक्षण ते हेच.

बाना कुंदाला हे सांगायला ती गेली तेव्हा भट्टीच्या तोंडावर कोंबडी अंडी उबवत बसली होती.

"हरलो का?" बाना कुंदानं विचारलं.

"पुढची तारीख मिळू शकते..."

"तारखा भाजून विकता येत नाहीत गं." ती रागावून बोलली नाही. रागावली असती तर एस्नार्टला बरं वाटलं असतं. "बहिणीच्या गावी जाईन म्हणते. तिचा कसाव्याचा मळा आहे. कुंदाची शाळा सुटेल, पण उपाशी राहण्यापेक्षा बरं. या महिनाअखेर बघते आणि निघते."

त्यानंतर एस्नार्ट बाजारात पाव घ्यायला जायची बंद झाली. रताळी उकडून खायची आणि नवऱ्याला सांगायची, पोटाला बरी असतात.

महिना सरत आला आणि बा कापांब्वेचा मामा वारला. चांगला पिकल्या वयाचा म्हातारा, नातवंडा-पतवंडांतून गेला. बेंबांच्यात मामा म्हणजे बापापेक्षा मोठा. सगळं गाव मातीला लोटलं. एस्नार्टही गेली. खटला वेगळा आणि मरण वेगळं. मक्याच्या पिठाची पिशवी डोक्यावर घेऊन, चितेंगेचं कापड कमरेला गुंडाळून ती बायकांत जाऊन जमिनीवर बसली. आत बायका रडत होत्या, बाहेर पुरुष शेकोटीभोवती बसले होते. आणि दोन्हींच्या मध्ये एन्गोनी आपलं काम करत होते. मातीच्या वेळी थट्टेच्या नातेवाइकांना मोठा मान असतो. रडणाऱ्यांना हसवायचं ते त्यांनी. मेलेल्याची नक्कल करायची, खड्ड्यात उतरून बसायचं आणि काहीतरी वसूल केल्याशिवाय उठायचं नाही. कोंबडी म्हणा, चार नाणी म्हणा. त्यांना नाही म्हणणं म्हणजे मेलेल्याला उपाशी पाठवणं.

पेटी दफनभूमीत न्यायला बा कापांब्वेचा पिठाचा ट्रक धुऊन अंगणात उभा केला होता. एस्नार्टनं त्याच्याकडे बघितलं. याच ट्रकमधून बाना कुंदाच्या दारावरून पोती जायची. बायकांच्या घोळक्यात बाना कुंदाही होती, डोक्याला फडकं बांधून भांडी घासत. दोन दिवसांनी तिची बस होती.

कायद्यानं सांगितलं होतं की थट्टेच्या नात्यात बोललेलं खरं धरायचं नाही. पण त्याच नात्यात दिलेल्याचं काय? एस्नार्टनं पुढचा विचार केला नाही. विचार करून तिचं आजवर काही भलं झालं नव्हतं. ती उठली, ट्रकच्या मागच्या फळीवर चढली आणि पेटी ठेवायची त्या जागी सरळ आडवी पडली. त्या काळी तिचं वजन कायद्याच्या वजनापेक्षा निश्चितच जास्त होतं. ट्रक करकरला.

बायकांनी दारातून माना बाहेर काढल्या. मग आतल्या बायकांत खसखस पिकली.

"अरे, हे काय!" बा कापांब्वे धावत आला. "एक मढं आत आहे, दुसरं कुठून आलं?"

"मी नाही उठत," एस्नार्ट डोळे मिटून म्हणाली. "माकडखाऊंनी मला मारलं. मलाही याच्याबरोबर पुरा."

"एवढा मोठा खड्डा खणायला तीन दिवस लागतील, उंदीरखाऊ! ऊठ. कोंबडी देतो."

"कोंबड्या आमच्याकडे आहेत. उंदीर संपले की खातो."

"बकरी?"

"पीठ."

हसणं थांबलं. बा कापांब्वेच्या मागे उभे असलेले तिघे बेकरीवाले एकमेकांकडे बघू लागले.

"किती पीठ?" बा कापांब्वेनं सावधपणे विचारलं.

"बाना कुंदाला लागेल तेवढं. दर आठवड्याला. तू या तिघांना ज्या भावानं देतोस त्याच भावानं, रोख घेऊन. फुकट नको."

"हे थट्टेतलं नाही! हे तू कायद्यातलं बोलतेयस!"

"कायद्याचं असतं तर उभी राहून बोलले असते," एस्नार्ट म्हणाली. "मी आडवी आहे."

पाद्रीबाबा घड्याळ बघू लागले. पेटी उचलून आणणारी माणसं ओझ्यानं वाकून उभी होती, ऊन वर आलं होतं. बा कापांब्वेनं एक पोतं देऊ केलं, मग दोन, मग वर्षभर महिन्याला एक. एस्नार्टनं घोरायला सुरुवात केली. अखेर म्हाताऱ्याची बायको, जिचे डोळे रडून सुजले होते, उंबऱ्यातून ओरडली:

"दे रे बाबा तिला काय हवं ते! तुझा मामा जिवंतपणी तुझ्यापायी कमी थांबला का? आता मेल्यावरही ताटकळतोय!"

मग मात्र इलाज नव्हता. बा कापांब्वेनं पेटीवर हात ठेवला आणि सगळ्या गावादेखत शब्द दिला. एस्नार्ट उठून बसली. तिच्या झग्याची पाठ पिठानं पांढरी झाली होती. ट्रक नीट धुतला नव्हता. बाना कुंदा हातातलं पातेलं तसंच धरून उभी होती. ती हसत नव्हती. तोंडावर मूठ दाबून नुसती बघत होती.

पीठ आलं. त्याच आठवड्यात आलं. बस चुकवून बाना कुंदानं भट्टीतून कोंबडी हुसकली आणि पाव लावला, आठशेला. एस्नार्टनं राजधानीला कळवलं की तडजोडीनं पुरवठा पूर्ववत झाला आहे. साहेबांनी अभिनंदन केलं आणि विचारलं, कुठल्या कलमाखाली? एस्नार्टनं पुस्तक पुढून मागून चाळलं. आडवं पडण्याचं कलम त्यात नव्हतं. तिनं त्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही. साहेबांना वाटलं, टपाल गहाळ झालं.

ते दोन-अडीच महिने एस्नार्टच्या आयुष्यातले सोन्याचे. बा कापांब्वेचा पाव नऊशेवर उतरला, मग साडेआठशेवर. एस्नार्ट बाजारातून अशी चालायची की जणू सगळे पाव तिनंच मळलेत. बायका तिला हाक मारायच्या, "ट्रकवाल्या बाई!" तिला ते मानाचं वाटायचं. नवऱ्याला ती म्हणाली, "स्पर्धा म्हणतात ती हीच." नवरा पाव खात होता, त्यानं आणखी एक तुकडा मोडून घेतला.

मग एका सोमवारी तिनं बाना कुंदाच्या अंगणात जाऊन आठशे क्वाचा पुढे केले, तर बाना कुंदानं ते मोजून हातातच धरले आणि म्हणाली, "अजून तीनशे."

"काय?"

"अकराशे झालाय."

"तुझा?"

"सगळ्यांचाच."

एस्नार्ट भट्टीशेजारच्या ओंडक्यावर बसली. भट्टी छान तापली होती. बाजूला बाना कुंदानं दुसरी बांधायला घेतली होती. ओली माती थापून ठेवलेली.

"तू शनिवारी गेलीस," एस्नार्ट म्हणाली.

"बोलावलं त्यांनी." बाना कुंदानं पावावरचं फडकं सारखं केलं. "बा कापांब्वे स्वतः आले होते, या अंगणात. म्हणाले, बाना कुंदा, तू आता आमच्यातली. ये, बसत जा. खुर्ची दिली मला. नवरा गेल्यापासून या गावात मला कुणी खुर्ची दिली नव्हती, एस्नार्ट. तूही दिली नव्हतीस."

"माझ्याकडे एकच आहे!"

"ठाऊक आहे गं. रागावून नाही म्हणत. पण मी काय करायचं होतं? तो आठशेचा पाव भाजून मला काय उरायचं ते मला ठाऊक. रोज वाटायचं, उद्या हे सातशेवर आले तर? झोप लागायची नाही. आता लागते. कुंदाची फी भरली. दुसरी भट्टी बांधतेय."

"आणि बाजारातल्या बायका? आठशेच्या पावासाठी याच अंगणात बसायच्या त्या?"

बाना कुंदानं भट्टीत एक लाकूड सारलं. मग हळूच म्हणाली, "त्यांच्याकडे बघवत नाही. म्हणून मी आता विकायला बहिणीच्या मुलीला बसवणार आहे."

"मला तुझ्यावर तक्रार करावी लागेल. पाचही जणांवर."

"कर ना. तुझं कामच आहे ते." बाना कुंदानं खरोखरच मनापासून सांगितलं, जसं एखाद्याला, जेवून जा, म्हणावं तसं. "पण साक्षीला मला बोलावू नकोस. त्यांच्या चहाला जागायला हवं."

एस्नार्टनं तिच्याकडे बघितलं. थंड भट्टीसमोर बसलेली बाई तिला आठवली, आणि ही गुबगुबीत झालेली, कोपरापर्यंत पीठ लागलेली बाई समोर होती. दुसरी जास्त बरी दिसत होती, यात काही शंका नव्हती. पूर्ण राजधानीनं शोधूनही सापडली नसती अशी साक्षीदार आपणच पिठाचं पोतं देऊन पलीकडे पोचवली, हेही दिसत होतं. त्या शनिवारच्या खोलीत आजवर चार खुर्च्या होत्या. पाचवी एस्नार्टनं ट्रकमध्ये झोपून मिळवून दिली.

ती हसायला लागली. आधी नाकातून, मग मोठ्यानं. बाना कुंदा घाबरली आणि पाणी आणायला उठली.

"नको, नको. एवढंच सांग," एस्नार्ट डोळे पुसत म्हणाली, "येत्या शनिवारी काय ठरायचंय?"

बाना कुंदानं फाटकाबाहेर दोन्हीकडे बघितलं. मग जिवलग मैत्रिणीच्या कानात सांगावं तसं वाकून म्हणाली, "बाराशे."

कायद्यानं पाहिलं तर ही पक्की, शुद्ध, थट्टेबिट्टेचा वाससुद्धा नसलेली माहिती होती. ती तिथल्या तिथे लिहून घ्यायला हवी होती. एस्नार्टनं पिशवीत हात घातला. मग तिनं पैशांचा बटवा काढला आणि अकराशेच्या भावानं चार पाव बांधून द्यायला सांगितले, भाव चढण्याआधी.